मालकांच्या रक्तातलं ॲसिड

माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, ही माझी पहिली तक्रार. रिपोर्ट खोटा आहे, असं मी सुरुवातीपासून बोंबलून सांगत होते. डॉक्टरला सांगितलं, नणंदेला सांगितलं, नळावरच्या बायांना सांगितलं. सगळ्यांचं उत्तर एकच. "शेवंताबाई, तुमी चौथी शिकलेल्या. रिपोर्ट मशिनीवर काढत्यात." जशी काय मशीन मॅट्रिक झाली होती.

आता सगळं निस्तरल्यावर भोसरीतल्या आमच्या चाळीत कुणाच्याही दारात बसा, मालकांच्या ऑपरेशनची एकतरी गोष्ट ऐकायला मिळते. गोष्टींचं मोरीतल्या खरकट्या भांड्यांसारखं असतं. रात्री चार ताटं ठेवून झोपावं, सकाळी बघावं तर ढीग, आणि कुणी काय टाकलं ते कुणी कबूल करत नाही. शिवाय जो सांगतो तो त्या गोष्टीत शहाणा असतो. दोष नक्की कुणाचा होता हे मी सांगितलं तर अजूनही लोक मान हलवतात. म्हणतात, "छ्या, तो माणूस असं करणारच न्हाई."

म्हणून मी पहिल्यापासून सांगते. मी तिथं होते.

*

मालक म्हणजे आमचे दत्तोबा. एका वर्कशॉपात लेथवर टर्नर. पन्नाशी उलटल्यावर त्यांची लघवी अडायला लागली, तेव्हा पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. डॉक्टरनं मला समजावलं की पुरुषाच्या मूत्राशयाखाली एक गाठ असते, ती ह्यांची फुगली होती. "संत्र्यातला गर काढावा तसा आतला भाग काढलाय, बाई. साल आत ठेवलीय." तो गर तपासायला पाठवला आणि त्यात कॅन्सर निघाला. "बहुतेक गराबरोबर निघून गेलाय," डॉक्टर म्हणाले. "पण सालीत राहिलाय का ते बघायला मधूनमधून रक्त तपासावं लागेल."

हे सगळं चाळीत सांगायचं कसं? मालक म्हणाले, "हर्निया सांग." मी हर्निया सांगितलं. पण शेजारच्या बाबूराव घाडग्यांनी माझ्याआधीच मूतखडा सांगून ठेवला होता. आणि मोशीहून माझी नणंद आली, सरूवन्सं, त्यांनी नळावर सांगितलं की आतड्याला पीळ पडला होता.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातल्या खोलीतली बाई हॉस्पिटलात शहाळं घेऊन आली आणि मालकांना म्हणाली, "डॉक्टर हुशार दिसतोय, भाऊजी. एकदाच उघडलं आन् तिन्ही कामं उरकली."

*

बाबूरावांबद्दल सांगितलं पाहिजे. मालकांच्याच वर्कशॉपात ते स्टोअर सांभाळायचे. माणूस सोन्यासारखा, आणि सगळीकडे ओळख. रॉकेलच्या दुकानात ओळख, रेशनला ओळख, बसचा कंडक्टर तर ह्यांना बघून घंटी मारायचा थांबायचा. साखर आली की चाळीला आधी कळायचं, मग दुकानदाराला. आमच्याकडे एकच नियम होता. बाबूराव असताना लाईनीत उभं राहायचं म्हणजे बाबूरावांचा अपमान. एकदा मी गुपचूप डबा घेऊन रॉकेलच्या लाईनीत उभी राहिले, तर डोळ्यांत पाणी आणून विचारायला आले, "वहिनी, माझं काय चुकलं?"

हॉस्पिटलातला एक वॉर्डबॉय त्यांच्या गावचा निघाला. मग काय विचारता. मालकांना खिडकीजवळची कॉट मिळाली. रक्त द्यायला वर्कशॉपातली माणसं बाबूरावांनीच गोळा करून आणली. शेजारच्या कॉटवरचा चाकणचा म्हातारा आमच्याकडे मंत्र्याच्या पाहुण्यांकडे बघावं तसा बघायचा.

ऑपरेशनच्या दिवशी मालकांचा नंबर शेवटचा होता. सकाळी बाबूराव धावत आले. "दत्तोबा, काम झालं. तुला पहिला घेतायत."

मालक पांढरे पडले होते. म्हणाले, "बाबूराव, ही एक लाईन मोडली नसती तरी चाललं असतं राव."

*

घरी आले ते नळी लावून. लघवीच्या जागी रबरी नळी, ती खाली बाटलीत सोडलेली, बाटली कॉटच्या पायाला बांधलेली. डॉक्टरनं बजावलं होतं, बाटली नेहमी खालीच ठेवायची.

मी नळावर गेले होते. घरात वन्सं एकट्या. त्यांनी कॉटखाली वाकून बघितलं, पिवळी बाटली, तिला नळी. त्यांनी उभ्या जन्मात बाटली आणि नळी फक्त सलाईनची बघितलेली. त्यांना वाटलं, ही शेवंता एक नंबरची आळशी, सलाईन खाली बांधून गेली. खाली बांधल्यावर चढंल कसं? त्यांनी बाटली सोडली आणि छत्रीच्या खुंटीला, पार वर, लटकवून दिली.

मी हंडा घेऊन आले तोवर मालक पोट धरून ओरडत होते आणि वन्सं त्यांच्या कपाळावर हात ठेवून म्हणत होत्या, "सोस रं बाबा. औषध चढाय लागलं की असंच व्हतं."

*

नळी काढली. आता खरी पंचाईत. लघवी थांबेना. उठले की थेंब, खोकले की थेंब, हसले तर विचारूच नका. माझी दोन जुनी लुगडी फाडून संपली. डॉक्टर म्हणाले, होईल हळूहळू बंद, काही महिने लागतील. मालक म्हणाले, "तंवर मी लेथवर धोतर नेसून उभा राहू का?" घराबाहेर पडणं बंद केलं. तोंड भिंतीकडे करून पडायचे. माणूस कॅन्सरनं जाईल का नाही माहीत नाही, पण भिंतीकडे बघून नक्की जाईल, असं मला वाटायला लागलं.

नाक्यावर उस्मानभाईचं गॅरेज होतं. मालकांचा जुना दोस्त. मी सरळ जाऊन त्यांना सांगितलं, "उस्मानभाई, तुमचा दोस्त गळतोय. काय करता का?" उस्मानभाई आधी लाजले, मग विचारात पडले. मग म्हणाले, "भाभी, गळणं थांबवणं डॉक्टरचं काम. पण गळलेलं धरून ठेवणं आपल्या हातात हाय."

त्यांनी स्कूटरची जुनी ट्यूब कापली, एक तोंड चिकटवून बंद केलं आणि व्हॉल्व खाली येईल असा ठेवला, म्हणजे रिकामं करायला सोपं. वरच्या तोंडाला मऊ रबर, कमरेला पट्टा, आणि पिशवी मांडीला बांधायची. घरी आणण्याआधी तिच्यात हवा भरून गॅरेजातल्या पाण्याच्या टपात बुडवली, बुडबुडा येतो का बघायला. गिऱ्हाईकं उभी होती. एकानं विचारलं, "ही कसल्या गाडीची ट्यूब?" उस्मानभाई म्हणाले, "जुनं मॉडेल हाय. पार्ट मिळत न्हाईत."

मालक कामावर गेले. मला उस्मानभाईंचे पाय धरावेसे वाटले. ते म्हणाले, "गॅरंटी देतो, भाभी. पंक्चर होणार न्हाई. फक्त त्याला सांगा, खिळा बघून बसायचं."

*

डॉक्टरनं एक कसरत पण सांगितली होती. लघवी अडवताना आत जसं आवळतो तसं दिवसातनं पुष्कळदा आवळायचं, धरायचं, सोडायचं. बाहेरून कुणाला कळत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

डॉक्टरनं मालकांचं तोंड बघितलं नव्हतं. आत आवळलं की त्यांच्या भुवया वर जायच्या, मिशी ताठ व्हायची आणि डोळे समोरच्या माणसावर रोखले जायचे. लेथसमोर सुपरवायझर आला की ते नेमके आवळत असायचे. दोनचार दिवसांनी सुपरवायझरनं बाजूला घेतलं. "दत्तोबा, ओव्हरटाइम दिला नाही म्हणून राग धरलाय का?"

"न्हाई साहेब. कसरत करतोय."

"कसली?"

"आतली."

सुपरवायझर गेला तो विचार करत. त्याला वाटलं हा योगाचाच काहीतरी प्रकार, दत्तोबा मरणाच्या दारातून परत आलाय तो ह्याच्यावरच. चहाच्या सुट्टीत त्यानं आणखी दोघांना सांगितलं. आठवड्याभरात वर्कशॉपाच्या भिंतीला टेकून पाचसहा गडी भुवया वर करून, श्वास धरून उभे राहायला लागले. काय आवळायचं ते एकालाही माहीत नव्हतं. बाबूराव मला सांगत होते, "वहिनी, एकाची तर कंबरदुखी गेली."

*

मग तपासणीची पहिली खेप आली. बाबूराव मालकांना घेऊन पुण्याला गेले. सकाळी गेले आणि दुपारच्या भाकरीला घरी हजर. हॉस्पिटलात जाऊन माणूस जेवायला घरी येतो हे चाळीनं पहिल्यांदा बघितलं.

"मागच्या दारानं नेलं," बाबूराव म्हणाले. "बाहेर ही लाईन. आपण सरळ डॉक्टरसमोर."

मालक बसेनात. मी पाट दिला, बसेनात. कॉटवर बसा म्हटलं, खिडकीशी जाऊन उभे राहिले. बाबूराव नाराज होऊन म्हणाले, "बसमधी पण असंच. कंडक्टरला सांगून सीट मिळवून दिली, हा दांडा धरून उभा."

बाबूराव गेल्यावर मी विचारलं, "काय केलं डॉक्टरनं?"

"तपासलं."

"कुठं?"

"पुण्यात."

मी काय सोडणार नव्हते. शेवटी भिंतीकडे बघून म्हणाले, "मोजे घालत्यात हाताला. आन् मागनं बोट घालून ती साल चाचपत्यात. झालं समाधान? मग सुई टोचून रक्त काढलं आन् सोडलं."

"दुखलं का?"

"सुई दुखली न्हाई," मालक म्हणाले.

*

रिपोर्ट आला तो वाईट. रक्तात ॲसिडचं कायतरी असतं, लांबलचक नाव, ते ह्यांचं चढलं होतं. त्या सालीत कॅन्सर वाढत असेल तर ते चढतं, असं डॉक्टर म्हणाले. थोड्या दिवसांनी परत तपासू.

मी तेव्हाच म्हणाले, रिपोर्ट खोटा आहे. माणसाचा रंग सुधारलाय, तीन भाकरी खातोय, पिशवीसुद्धा आता दिवसातनं एकदाच रिकामी करायला लागते. आजारी माणूस असा असतो का? कुणी ऐकलं नाही. जो तो त्या ॲसिडच्या मागे लागला.

वन्सं म्हणाल्या, "ॲसिड म्हंजी पित्त. आमच्या मोशीत लहान पोराला इचारा." त्यांनी आमसुलाचं पाणी सुरू केलं, सकाळ-संध्याकाळ तांब्याभर.

उस्मानभाईंना हे पटेना. त्यांच्या गॅरेजात बॅटऱ्यांचं काम चालायचं. ते म्हणाले, "भाभी, पित्त वेगळं, ॲसिड वेगळं. ॲसिड मी रोज बघतो. बॅटरीत जास्त झालं की वरून डिस्टिल वॉटर घालायचं, समान होतं." आणि दुसऱ्या दिवशी डिस्टिल वॉटरची बाटली घेऊन आले. बाटलीवर बॅटरीचं चित्र.

मी बाटली फडताळात मागं ठेवून दिली. पण मालक भ्यालेले होते. भ्यालेला माणूस कुणाचंही ऐकतो. मला न सांगता अर्धी पिऊन बसले. वर आमसुलाचं पाणी. दिवसभर पिशवी रिकामी करता करता माझा जीव गेला. मी उस्मानभाईंना म्हटलं, "बॅटरी चार्ज होईल का न्हाई माहीत न्हाई, टाकी मात्र भरून वाहतीय."

*

दुसऱ्या खेपेला बाबूराव नव्हते. मेव्हणीच्या लग्नाला साताऱ्याकडे गेले होते. मालक उस्मानभाईंबरोबर गेले आणि दिवे लागायच्या वेळेला परत आले, उन्हानं वाळलेले.

उस्मानभाई तर भडकले होते. "भाभी, ये कोई तरीका है? आधी लाईन. लाईनीत खून निकाला. मग दुसऱ्या लाईनीत दोन तास बसवलं. तेव्हा कुठं आत घेतलं, आन् आत दोन मिनिटं. गॅरेजात मी असं केलं तर गिऱ्हाईक हवा सोडून जाईल."

रिपोर्ट आला. चांगला. ॲसिड उतरलं होतं.

चाळीत पेढे वाटले. वन्संनी मोशीच्या देवीची ओटी भरली आणि सगळ्यांना आमसूल घ्यायला सांगितलं. उस्मानभाईंनी गॅरेजात येईल त्याला डिस्टिल वॉटरची गोष्ट सांगितली. दोघं एकमेकांकडे बघून हसायचे, तू काय म्हणायचं ते म्हण, मला ठाऊक आहे, असं.

फक्त बाबूरावांच्या डोळ्यांत पाणी. लग्नाहून आले आणि मालकांचा हात धरून बसले. "मी एक दिस न्हवतो तर तुला लाईनीत बसवलं राव. ऑपरेशन झालेल्या माणसाला. आता मेलो तरी तुला एकट्याला जाऊ देणार न्हाई."

*

तिसऱ्या खेपेला गेले. बाबूरावांबरोबर, मागच्या दारानं, दुपारच्या भाकरीला घरी.

ॲसिड चढलं. पहिल्यापेक्षा जास्त.

आता कुणालाच काही कळेना. वन्संनी आमसूल दुप्पट केलं होतं, उस्मानभाईंनी सीलबंद बाटली दिली होती, पथ्य तेच, पाणी तेच, माणूस तोच. वन्सं म्हणाल्या ट्यूबच्या रबराची उष्णता. उस्मानभाई म्हणाले आमसुलात ॲसिडच असतं, जिभेला लावून बघा. दोघांनी आमच्या दारात भांडण केलं. मी दोघांना म्हटलं, चूक तुमची नाही, रिपोर्टची आहे. तर दोघं एक झाले आणि माझ्यावर उलटले.

पण डॉक्टरनं ह्या वेळेला मालकांना बसवून सांगितलं. आजार वाढायला लागला असं धरून चालावं लागेल. ह्या कॅन्सरला पुरुषाच्या अंडातून खाद्य मिळतं. ती दोन्ही काढून टाकायची. पुढच्या आठवड्यात.

वन्सं शेतकऱ्याची पोर. त्यांना हे एका झटक्यात कळलं. "म्हंजी बैलाचं करत्यात तसं?" असं म्हणून त्यांनी पदर तोंडाला लावला.

मालकांनी त्या दिवशी कसरत केली नाही. जेवले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडले. मी भाकऱ्या थापत होते. बऱ्याच वेळानं पाठमोरेच म्हणाले, "शेवंता, मग मी कोण राहीन गं?"

मला रडू येत होतं. पण मी रडले असते तर त्यांनी काय केलं असतं? मी म्हटलं, "अवो, पोरी नांदायला गेल्या, नातू शाळंत जातोय. आता दुकानाची फळी उघडी काय आन् बंद काय. मला गिऱ्हाईक नको, मालक पाहिजे."

त्यांची पाठ हलायला लागली. मला वाटलं रडतायत. हसत होते. हसता हसता उठून बसले आणि म्हणाले, "बाई, पिशवी भरली."

त्यांना हसताना बघून माझं ठरलं. ह्या माणसाला मी असाच्या असा कापायला देणार नाही. दुसऱ्या दिवशी मी एकटी बस धरून हॉस्पिटलात गेले आणि डॉक्टरच्या दारात ठिय्या मारला. "एकदा वाईट, एकदा चांगलं, एकदा वाईट. असं माप आमच्या वर्कशॉपात आलं तर आधी मापपट्टी बघत्यात, मग लोखंड कापत्यात. अजून एकदा रक्त काढा. माझ्यासमोर."

डॉक्टर म्हणाले, "बाई, रक्ताला काय लोखंड समजता?"

"तुमी संत्रं समजला ते चाललं का?"

डॉक्टर वैतागले. पण परत तपासतो म्हणाले, मला दारातून उठवायला का होईना.

*

आता शेवटचं. पण आधी एक सांगून टाकते. ह्या खेपेचा रिपोर्ट चांगला आला, आणि नंतरचेही आले. ते दुसरं ऑपरेशन झालं नाही. मालक आत्ता माझ्यासमोर उंबऱ्यावर बसून शेंगा फोडतायत, आणि उस्मानभाईंची ट्यूब कधीच गॅरेजात परत गेली. तेव्हा तुम्ही जीव मुठीत धरू नका. त्या दिवशी तसा जीव मुठीत आम्ही धरला होता.

आम्ही तिघं गेलो. मालक, मी आणि बाबूराव. हॉस्पिटलाच्या व्हरांड्यात माणसंच माणसं, लाईन पार जिन्यापर्यंत. सगळ्यात पुढं एक टेबल, तिथं एक बाई एकेकाचा हात धरून सुई टोचत होती. मी लाईनीच्या शेपटाकडे चालायला लागले तर बाबूरावांनी हाक मारली. "वहिनी, तिकडं कुठं? इकडनं."

धोब्याच्या खोलीवरनं एक बोळ, बोळातनं एक दार. दाराशी त्यांचा गाववाला वॉर्डबॉय उभाच. त्यानं मला नमस्कार केला, मालकांना नमस्कार केला आणि दार ढकललं. बाबूराव म्हणाले, "मी बाहेर थांबतो. बाईमाणूस संगं हाय."

आत डॉक्टर हातमोजा चढवत होते. मान खाली घालूनच विचारलं, "रक्त दिलं ना?"

मालकांची एक खोड आहे. डॉक्टरनं काहीही विचारलं की त्यांची मान आपोआप हो म्हणते. जेवलात का, हो. उपाशी आहात का, हो. मान हलायला लागली तसं मी म्हटलं, "न्हाई. रक्त अजून न्हाई दिलं."

डॉक्टर थांबले. "नाही? मग आत कसे आलात?"

"ते नंतर असतं न्हवं," मालक म्हणाले. "आधी हे. मग जाताना सुई."

मोजा अर्धा चढलेला, बोटं रिकामी लोंबत होती. डॉक्टरनं अगदी हळू विचारलं, "मागच्या वेळी?"

"नंतरच."

"पहिल्या वेळी?"

"नंतरच."

"आणि मधल्या? जेव्हा चांगला आला?"

मालक आठवत होते. मी सांगितलं, "तवा उस्मानभाई संगं हुते. आधी लाईनीत सुई, मग दोन तासांनी तुमी."

डॉक्टर स्टुलावर बसले. बसताना मोजा हातातनं निसटला. "बाई," ते म्हणाले, "मी ती साल बोटानं दाबतो ना, दाबल्यावर तिच्यातलं ॲसिड रक्तात उतरतं. लगेच रक्त काढलं तर चढलेलंच दिसणार. धडधाकट माणसाचंसुद्धा चढेल. म्हणून बाहेर ती लाईन आहे. आधी सुई, मग मी. बाकी काही करायचं नाही, फक्त लाईनीनं यायचं." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "पुढच्या आठवड्यात मी ह्यांना कापणार होतो."

मालकांनी कॉटचा दांडा धरला. मला तोंडाला येईल ते बोलायचं होतं, मी सांगत होते की नाही, रिपोर्ट खोटा आहे म्हणून. पण मी खाली पडलेला मोजा तेवढा उचलला.

आणि मग डॉक्टर भडकले. उठून उभे राहिले. सगळ्या हॉस्पिटलाला ऐकू जाईल असं म्हणाले, "लाईन मोडून ह्यांना माझ्यापर्यंत आणतं तरी कोण?"

मी मालकांकडे बघितलं. मालक छताकडे बघत होते. दोस्ताचं नाव त्यांच्या तोंडातनं निघालं नसतं. आणि माझ्यासारखी फाटक्या तोंडाची बाई, मीही गप्प. मला ती खिडकीजवळची कॉट दिसत होती, रक्त द्यायला आणलेली माणसं दिसत होती, रॉकेलचे डबे दिसत होते.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. बाहेर उभ्या माणसाला एवढंच कळलं होतं की डॉक्टर आपली चौकशी करतायत. त्यानं आत येऊन केसांवरून हात फिरवला, दोन्ही हात जोडले आणि तोंडभर हसून म्हणाला,

"मीच आणतो साहेब, दर वेळेला. अजून कुणाला आणायचं असलं तरी सांगा. नाव ध्यानात ठेवा. बाबूराव घाडगे."